एका शब्दाआड दडलेलें गांव

इ. स. १८५१ च्या मार्च महिन्यांत इंग्लंडांत जी खानेसुमारी झाली, तिच्या वह्या आज कोणाही जिज्ञासूस पाहावयास मिळतात. त्यांपैकीं लिव्हरपूल किंवा मँचेस्टर येथील एखाद्या दाट वस्तीच्या गल्लीचें पान वाचकांनीं डोळ्यांपुढें आणावें. डाव्या बाजूस घरांतील माणसांचीं नांवें, त्यानंतर कुटुंबप्रमुखाशीं नातें, वय व धंदा, आणि उजव्या बाजूस जन्मस्थळाचा रकाना. जे इंग्लंडांत जन्मले त्यांच्या नांवांपुढें जिल्हा व गांव हीं दोन्ही लिहिलेलीं दिसतात. परंतु मध्येंच एखादें कुटुंब असें लागतें कीं, त्यांतील बाप, आई व वडील मुलें यांच्यापुढें एकच शब्द एकाखालीं एक उतरलेला असतो: आयर्लंड. यांत कारकुनाचा आळस नव्हता. आयर्लंडांत जन्मलेल्या माणसाच्या बाबतींत देशाचें नांव लिहिलें म्हणजे पुरे, असा नियमच होता. तो कारकून आपलें काम चोख करून पुढच्या दारीं गेला; आणि त्याच्या त्या एका शब्दाआड एक टेकडी, एक ओढा, एक प्रार्थनामंदिर, चार शेजारी व एक पडकें घर, असें सबंध गांव दडून राहिलें.

त्या माणसांचीं पणतवंडें आज आपल्या पूर्वजांचें तें गांव शोधीत आहेत. ‘आमचे लोक आयर्लंडांतून आले’ एवढें बहुतेकांस ऐकून ठाऊक असतें. पुढें विचारावें तर सांगणारें कोणी उरलेलें नसतें. हा शोध कसा करितात हें आम्ही येथें थोडक्यांत सांगणार आहों. परंतु आमचा उद्देश केवळ रीत सांगण्याचा नाहीं. श्रीमंताचा कुलवृत्तान्त त्याच्या मिळकतीच्या कागदांत व थडग्यावरील लेखांत सांपडतो. गरिबाचें तसें नाहीं. तो आपल्या इच्छेनें कागदावर क्वचितच येतो. तो देणें लागला, आजारी पडला, भीक मागूं लागला किंवा पलटणींत शिरला म्हणजे कोणीतरी दुसरा त्याचें नांव लिहितो. म्हणून या शोधाची वाट अभिमानाच्या स्थळांवरून जात नाहीं. ती अपमानाच्या स्थळांवरून जाते, हें ज्यानें ओळखलें त्यासच पुढें जातां येतें.

प्रथम हे लोक घर सोडून कां गेले तें पाहूं. आयर्लंडांतून इंग्लंडांत जाण्याची चाल दुष्काळापूर्वींचीच. पश्चिमेकडील मेयोसारख्या जिल्ह्यांतील लहान कुळें उन्हाळ्यांत सुगीच्या कामासाठीं समुद्र ओलांडीत आणि मिळालेल्या मजुरींतून घरच्या जमिनीचा खंड भरीत. पुढें आगबोटी सुरू झाल्या, लँकेशायरांत कापडाच्या गिरण्या वाढल्या, कालवे व आगगाड्यांचे रस्ते खोदण्यास माणसें हवीं झालीं, आणि जाणाऱ्यांपैकीं कित्येक तेथेंच राहिले. १८४१ सालीं इंग्लंड व वेल्स यांत आयर्लंडांत जन्मलेले सुमारें २ लक्ष ८९ हजार लोक होते.

नंतर १८४५ च्या शरदृतूंत बटाट्याच्या पिकावर करपा पडला. गरीब आयरिश कुटुंबाचें सारें अन्न म्हणजे बटाटा. धान्य पिकलें तरी तें खंडापायीं विकावें लागे. एक वर्ष गेलें, दुसरें वर्षही गेलें. १८४१ सालीं आयर्लंडची लोकसंख्या ८१ लक्ष ७५ हजार होती. १८५१ सालीं ती ६५ लक्ष ५२ हजार भरली. सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व तापानें मेलीं, आणि त्याहून अधिक देश सोडून गेलीं. ज्यांच्यापाशीं अमेरिकेच्या भाड्यापुरते पैसे होते ते अमेरिकेस गेले. ज्यांच्यापाशीं तेवढेही नव्हते त्यांस इंग्लंडचा किनारा जवळचा. एकट्या १८४७ सालांत सुमारें तीन लक्ष आयरिश लोक लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरले, आणि त्या शहराची स्वतःची वस्तीच तेव्हां तीन-साडेतीन लक्षांची होती. पुष्कळ जण तेथून अमेरिकेकडे निघून गेले. ज्यांस पुढें जाण्याचें त्राण नव्हतें ते तळघरांत राहिले. त्या वर्षीं तेथें टायफस तापाची भयंकर सांथ आली. रोग्यांची शुश्रूषा करणारे दहा कॅथलिक धर्मगुरु तींत मरण पावले. शहराचा आरोग्याधिकारी म्हणून डॉक्टर विल्यम डंकन यांची नेमणूक त्याच वर्षीं झाली होती. ब्रिटनमधील अशा प्रकारची ती पहिलीच नेमणूक. १८५१ सालीं इंग्लंड-वेल्समधील आयर्लंडांत जन्मलेल्यांचा आंकडा ५ लक्ष २० हजारांवर गेला आणि १८६१ सालीं तो सहा लक्षांच्या वर होता.

एवढीं माणसें समुद्र ओलांडून गेलीं, मग त्यांच्या याद्या कोठें आहेत, असें वाचक विचारतील. याद्या नाहींत. १८०१ सालापासून आयर्लंड व ब्रिटन हें एकच राज्य झालें असल्यामुळें डब्लिनहून लिव्हरपूलला जाणें म्हणजे घरच्या घरींच फिरणें. त्याची नोंद ठेवण्याचें सरकारास कारण नव्हतें. १८४८ च्या डिसेंबरांत ‘लंडनडेरी’ नांवाची आगबोट स्लायगोहून लिव्हरपूलकडे निघाली असतां वादळांत उतारू खालच्या कोंदट जागेंत कोंडले गेले, आणि त्यांपैकीं ७२ जण गुदमरून मेले. या बोटीचा वृत्तान्त आपणांस कळतो तो ही दुर्घटना घडली म्हणून. ज्या शेंकडों बोटी सुखरूप पोहोंचल्या त्यांच्यावरील माणसें नांवावांचून उतरलीं व नांवावांचून गर्दींत मिसळलीं.

तेव्हां शोधकानें आरंभ करावा तो इंग्लंडांत, आणि तोही ज्ञाताकडून अज्ञाताकडे, एक एक पिढी मागें जाऊन. इंग्लंड-वेल्समध्यें जन्म, विवाह व मृत्यु यांची सरकारी नोंद १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. तींतील विवाहाचा दाखला फार उपयोगी; कारण त्यावर वधू व वर या दोघांच्याही बापांचीं नांवें व धंदे असतात. कित्येक दाखल्यांवर वधूवरांच्या सहीच्या जागीं केवळ फुली आढळते. १८४१ च्या आयरिश खानेसुमारीप्रमाणें पांच वर्षांवरील निम्म्याहून अधिक लोकांस लिहितां किंवा वाचतां येत नव्हतें, ही गोष्ट येथें लक्षांत ठेवावी. खानेसुमारीच्या वह्यांत दर दहा वर्षांनीं तेंच कुटुंब पुन्हा भेटतें. १८४१ च्या इंग्रजी वहींत मात्र आयर्लंडासाठीं रोमन लिपींतील एक अक्षरच आहे, नातें लिहिलेलें नाहीं, आणि पंधरा वर्षांवरील माणसांचीं वयें बहुधा पांचाच्या पाढ्यांत खालीं उतरवून घातलेलीं आहेत. तरीही धीर सोडूं नये. एखादा कारकून नियमाहून अधिक जिज्ञासु असे, आणि तो ‘मेयो’ किंवा ‘रॉसकॉमन’ असा जिल्हा लिहून जाई. म्हणून एकाच माणसाच्या सर्व खानेसुमाऱ्या पाहाव्या. चार ठिकाणीं ‘आयर्लंड’ असून पांचव्या ठिकाणीं गांव निघाल्याचीं उदाहरणें आहेत.

दुसरी अडचण नांवांची. पश्चिम आयर्लंडांतील पुष्कळांची मातृभाषा आयरिश होती, आणि त्यांचीं नांवें लिहिणारा कान इंग्रज होता. ‘ओ’ म्हणजे वंशज व ‘मॅक’ म्हणजे पुत्र. हे उपसर्ग कित्येक कुळांनीं आयर्लंडांतच टाकले होते, इतरांचे समुद्र ओलांडतांना गळाले, आणि कांहींनीं ते पुढें पुन्हा धारण केले. ओसलिव्हन सलिव्हन झाला. कांहीं नांवांचें तर भाषांतरच झालें: ‘मॅकगौवन’ म्हणजे लोहाराचा मुलगा, म्हणून कॅव्हन जिल्ह्यांतील त्या नांवाच्या पुष्कळ घराण्यांनीं इंग्रजांतील लोहारवाचक ‘स्मिथ’ हें नांव घेतलें, आणि इंग्लंडांत स्मिथ शोधणें म्हणजे गवताच्या गंजींत सुई शोधणें होय. अशिक्षितांचेंच असें होई असेंही नाहीं. ब्राँटी भगिनींच्या कादंबऱ्या आमच्या सुशिक्षित कुटुंबांत ठाऊक आहेत. त्यांचे वडील पॅट्रिक हे १७७७ सालीं डाउन जिल्ह्यांतील ड्रमबॅलीरोनी येथें एका गरीब शेतकरी घरांत जन्मले. घराण्याचें नांव ब्रंटी किंवा प्रंटी असें निरनिराळ्या रीतीनें उच्चारलें जाई. १८०२ सालीं ते केंब्रिजला आले तेव्हां कॉलेजच्या नोंदवहींत तें प्रथम ‘ब्रँटी’ असें लिहिलें गेलें, आणि पुढें त्याचें ‘ब्राँटी’ झालें. विद्यापीठाच्या दारांत जर नांवाची ही गत, तर धक्क्यावर उतरलेल्या मजुराच्या नांवाची काय कथा!

यानंतर आम्ही वर म्हटलेलीं अपमानाचीं स्थळें येतात. इंग्लंडांतील दरिद्री-संरक्षणाच्या कायद्याप्रमाणें, जो निराश्रित मदत मागे त्याचें मूळ ठिकाण कोणतें याची चौकशी होई. आणि तो आयरिश ठरला तर त्यास बोटींत घालून परत पाठविण्याचा हुकूम काढतां येई. १८४६ च्या कायद्यानें, ज्याचा एका पॅरिशांत सतत पांच वर्षें वास झाला त्यास हांकलूं नये असें ठरलें. परंतु नुकत्याच आलेल्यांस या सवलतीचा काय उपयोग? लिव्हरपूलहून १८४७ सालीं हजारों माणसें अशीं परत पाठविलीं गेलीं. या चौकशींत विधवेस तिच्या नवऱ्याचें गांव, लग्नाचें ठिकाण व मुलांचीं वयें विचारीत. तिला हे प्रश्न वज्राघातासारखे वाटले असतील, कारण उत्तर दिलें कीं पाठवणी. आणि आज तिच्या वंशजांस त्या गांवाचें नांव सांगणारा तोच एक कागद उरला आहे!

मायकेल डॅव्हिट यांची गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. मेयो जिल्ह्यांतील स्ट्रेड येथें १८४६ सालीं त्यांचा जन्म झाला. १८५० सालीं जमीनदारानें कुटुंबास घराबाहेर काढलें. तीं माणसें अनाथगृहाच्या दारीं गेलीं. परंतु तेथें तीन वर्षांवरील मुलगा आईपासून वेगळा ठेवण्याचा नियम आहे असें कळतांच आई मुलांस घेऊन बाहेर पडली. मग तें कुटुंब लिव्हरपूलला उतरलें व तेथून लँकेशायरांतील हॅस्लिंग्डन येथें गेलें. १८५७ सालीं, वयाच्या अकराव्या वर्षीं, कापडाच्या गिरणींत मायकेलचा उजवा हात यंत्रांत सांपडून गेला. याच एकहाती माणसानें पुढें १८७९ सालीं आयर्लंडांत ‘लँड लीग’ची स्थापना करून जमीनदारीचा पाया हालविला. डॅव्हिट मोठे झाले म्हणून स्ट्रेड हें नांव इतिहासास ठाऊक झालें. त्याच वाटेनें गेलेल्या हजारों कुटुंबांचें स्ट्रेड कोणतें, हाच आपला प्रश्न आहे.

कांहीं कागद सौम्य हातांनींही लिहिलेले आहेत. कॅथलिक प्रार्थनामंदिरांतील बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या वह्या हे त्यांपैकीं होत. त्या बहुधा लॅटिनमध्यें असतात, म्हणून जेम्सचा जेकोबस व विल्यमचा गुलिएल्मस झालेला दिसतो. धर्मगुरु पुष्कळदां स्वतः आयरिश असे. त्यास त्या गांवाचें नांव कळे व तें लिहावेंसेंही वाटे. या वह्यांतील धर्मपिता, धर्ममाता व साक्षीदार यांचीं नांवें अवश्य टिपून घ्यावीं. लोक परदेशीं एकटे जात नसत. भावाच्या मागून भाऊ, शेजाऱ्याच्या मागून शेजारी जाई, आणि एका गांवचीं माणसें एका गल्लींत राहात. स्वतःच्या पूर्वजाचें गांव सांपडलें नाहीं, तर त्याच्या मुलाच्या धर्मपित्याचें गांव शोधावें; बहुधा दोन्ही एकच निघतात. तसेंच सैन्याचें. १८३० सालीं ब्रिटिश सैन्यांतील शेंकडा ४२ शिपाई आयरिश होते. पोटासाठीं शिरलेल्या या शिपायाच्या निवृत्तीच्या कागदावर त्याचा जन्माचा पॅरिश व जिल्हा लिहिलेला असतो.

पॅरिशाचें नांव हातीं आलें कीं मग समुद्र ओलांडावा. आयर्लंडांतील सर्वांत लहान ठिकाण म्हणजे ‘टाउनलँड’. आमच्या भाषेंत त्यास मौजा म्हणतां येईल. अशा मौजांची संख्या साठ हजारांच्या वर आहे, आणि एकच नांव अनेक जिल्ह्यांत आढळतें, म्हणून नुसत्या नांवानें काम भागत नाहीं. १८२४ पासून सरकारनें सबंध देशाची मोजणी केली, तेव्हां या आयरिश नांवांस इंग्रजी वर्णरूप देण्यांत आलें. कुळांच्या दोन मोठ्या याद्या उपलब्ध आहेत. पहिली, प्रॉटेस्टंट धर्मसंस्थेस देण्याच्या दशमांश करासाठीं १८२३ ते १८३८ या काळांत झालेली. दुसरी, सर रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखालीं १८४७ ते १८६४ या काळांत प्रसिद्ध झालेली घरांच्या व जमिनींच्या आकारणीची. दोन्ही याद्या कर बसविण्यासाठीं केलेल्या. म्हणून ज्याच्यापाशीं जमीनच नव्हती तो पहिलींत नाहीं, आणि आकारणीचा कामगार येण्यापूर्वींच जो गेला तो दुसरींत नाहीं. तरी एखादें आडनांव पहिल्या यादींत एका मौजांत सहा वेळां येतें व दुसऱ्या यादींत एकदांही येत नाहीं, तेव्हां त्या रिकाम्या जागेपुढें वाचणाऱ्याचा श्वास क्षणभर थांबतो.

मग आयर्लंडच्या स्वतःच्या खानेसुमाऱ्यांचें काय झालें? ही कथा फार खेदाची आहे. १९२२ च्या जून महिन्यांत डब्लिन येथें यादवी युद्धास तोंड लागलें. एका पक्षाचे लोक ‘फोर कोर्ट्स’ या न्यायमंदिरांत ठाण मांडून बसले होते, आणि त्याच आवारांत राष्ट्राचें दप्तरखानें होतें. ३० जून रोजीं स्फोट होऊन आग लागली आणि सात शतकांचीं कागदपत्रें जळालीं. १८२१ ते १८५१ या चार खानेसुमाऱ्यांपैकीं कांहीं तुकडे तेवढे वांचले. १८६१ व १८७१ च्या वह्या सरकारनेंच पूर्वीं नष्ट करविल्या होत्या, आणि १८८१ व १८९१ च्या पहिल्या महायुद्धाच्या काळांत लगद्यासाठीं गेल्या. पूर्ण राहिल्या त्या १९०१ व १९११ च्या. जन्माची सार्वत्रिक सरकारी नोंद १८६४ पासूनची. त्यामुळें दुष्काळाच्या काळासाठीं खरा आधार कॅथलिक पॅरिशांच्या वह्यांचा; त्या दप्तरखान्यांत नव्हत्या म्हणूनच वांचल्या. २०१५ सालीं आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानें त्यांचीं चित्रें सर्वांस विनामूल्य खुलीं केलीं. परंतु पश्चिमेकडील गरीब पॅरिशांत पुष्कळ ठिकाणीं त्या फार उशिरां सुरू झालेल्या आहेत.

या राखेंतूनही एक चमत्कारिक वस्तु वांचली आहे. १९०८ च्या कायद्यानें सत्तर वर्षांवरील गरीब वृद्धांस आठवड्यास पांच शिलिंगांपर्यंत पेन्शन मिळूं लागलें. पण वयाचा पुरावा कोठून आणावा? त्यांच्या जन्माच्या वेळीं सरकारी नोंदच नव्हती. तेव्हां म्हातारा किंवा म्हातारी आपल्या आईबापांचीं नांवें व मौजा लिहवून अर्ज करी, आणि दप्तरखान्यांतील कारकून १८४१ किंवा १८५१ ची खानेसुमारी पाहून उतारा काढी. पुढें मूळ वह्या जळाल्या, परंतु हे शोधाचे अर्ज राहिले. पांच शिलिंगांसाठीं एका निरक्षर वृद्धानें केलेल्या अर्जानें जळालेल्या खानेसुमारीची एक ओळ राखून ठेवली. १९२२ च्या अग्नीस शंभर वर्षें झालीं तेव्हां, २०२२ सालीं, इतरत्र सांपडणाऱ्या प्रतींवरून तें दप्तर पुन्हा उभें करण्याचा मोठा उद्योग डब्लिन येथें लोकांपुढें मांडण्यांत आला. त्याचें तत्त्व हेंच.

या शोधाची एक वाट मुंबईवरूनही जाते. ईस्ट इंडिया कंपनीच्या युरोपीय पलटणींत आयरिश तरुण पुष्कळ असत. मुंबईची जुनी युरोपीय पलटण १८६२ सालीं ‘रॉयल बाँबे फ्युसिलियर्स’ या नांवानें राणीच्या सैन्यांत गेली, १८८१ सालीं ती ‘रॉयल डब्लिन फ्युसिलियर्स’ची दुसरी तुकडी झाली, आणि १९२२ सालीं, म्हणजे दप्तरखानें जळालें त्याच वर्षीं, मोडण्यांत आली. मुंबई इलाख्यांतील युरोपीयांच्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या व दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज तेथील ब्रिटिश लायब्ररींत आहेत. लँकेशायरांतील ज्या कुटुंबाचा एक मुलगा कोणत्याही इंग्रजी वहींत पुढें भेटत नाहीं, त्याचा ठाव या वह्यांत लागण्याचा संभव असतो.

शेवटीं एक इशारा. या शोधांत सर्वांत मोठा धोका पुराव्याच्या अभावाचा नव्हे. तो आपल्या उतावीळपणाचा. नांव जुळतें, वय जुळतें, मग हाच आपला पूर्वज, असें मन घाईनें म्हणूं लागतें. परंतु एकाच पॅरिशांत एकाच वर्षीं त्याच नांवाचीं तीन लेंकरें जन्मलेलीं असतात. कागदावर लिहिलेलें तेंही नेहमीं खरें नसतें. आयरिश मजुरांचे पुढारी जेम्स कॉनली यांचें जन्मस्थळ १९०१ च्या खानेसुमारींत मोनॅघन जिल्हा असें दिलेलें आहे. वस्तुतः ते १८६८ सालीं स्कॉटलंडांत एडिंबरो येथें आयरिश आईबापांच्या पोटीं जन्मले. म्हणून एका पुराव्यास दुसऱ्या स्वतंत्र पुराव्याची जोड मिळेपर्यंत नांव कच्च्या वहींतच ठेवावें, आणि जेथें पुरावा संपला तेथें लेखणी थांबवावी.

आमच्या मतें ही थांबलेली लेखणीसुद्धां एक प्रकारचें श्राद्धच होय. ज्या माणसांस जन्मभर दुसऱ्यांनीं वाटेल तसें लिहिलें, त्यांच्या नांवावर आपल्या हौसेखातर आणखी एक खोटें गांव चढविणें हा त्यांचा शेवटचा अपमान ठरेल. गांव सांपडलें तर तेथें जावें, त्या पडक्या भिंतींपाशीं उभें राहावें. न सांपडलें तर वंशवृक्षांतील ती जागा कोरी ठेवावी, आणि मुलांस सांगावें कीं, येथें एक गांव होतें. तें विचारण्याची त्या दिवशीं कोणास गरज वाटली नाहीं.